बिबट्याच्या कवितेला किती गुण?

आळेफाट्याजवळच्या आळे गावात रेड्याची समाधी आहे. पैठणला ज्ञानदेवांनी ज्याच्या तोंडून वेद वदवले तोच हा रेडा. भावंडांबरोबर तो आळंदीच्या वाटेला लागला आणि इथे त्याने देह ठेवला, अशी श्रद्धा आहे. सगळ्या जिवांत एकच चैतन्य आहे, हा त्या कथेचा अर्थ सगळे सांगतात आणि तो मला मान्यच आहे. पण जुन्नर-आंबेगावच्या शाळांतला कवितेचा तास डोळ्यांपुढे आणला की त्याच कथेची दुसरी बाजू खुपायला लागते. रेड्याच्या तोंडून वेद निघाले, चारी दिशांना त्याचं कौतुक झालं. पण पाठीवर पखाली वाहणाऱ्या त्या जनावराला स्वतःचं काही म्हणायचं होतं का, हे विचारायचं कोणाला सुचलं नाही.

आपल्या शाळांत मुलांच्या तोंडून कविता भरपूर निघतात. चालीवर म्हणून होतात, पाठ होतात, शब्दार्थ फळ्यावर लिहून होतात. दहावीला पोचेपर्यंत रसग्रहण येतं, आणि त्यासोबत गाइडातलं ते वाक्यही येतं: ‘प्रस्तुत कवितेतून कवीने मानवी भावभावनांचे हृदयस्पर्शी चित्रण केले आहे.’ हे वाक्य कुठल्याही कवितेला चालतं, म्हणून तर ते गाइडात असतं. यात शिक्षकांना झोडपण्यात अर्थ नाही. दोन शिक्षक आणि चार-पाच इयत्ता, वर ऑनलाइन माहित्या भरायच्या, अशा शाळेत पाठ्यपुस्तक संपलं तरी पुष्कळ. माझं म्हणणं वेगळं आहे. मुलांनी आतलं बोलावं असं वाटत असेल, तर त्यांना आधी आडोसा द्यावा लागतो. ‘बोल’ म्हणून आग्रह केल्याने मूल बोलत नाही. आडोसा देण्याच्या कामात कवितेइतकं जुनं, बिनखर्चाचं आणि आपल्याच घरातलं साधन दुसरं नाही. आणि तो आडोसा बहुतेक वेळा मोडते ती शाळाच.

या भागातल्या मुलांच्या मनात काय साठलेलं असतं, हे सांगायला मानसशास्त्रज्ञ लागत नाही. जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर हे चार तालुके जुन्नर वनविभागात येतात. कुकडी प्रकल्पाची धरणं झाली, पाणी आलं, कोरडवाहू रानात ऊस उभा राहिला, आणि उसाच्या सावलीत बिबट्याने संसार मांडला. जंगल कधी पाहिलेलंच नाही असे बिबटे आता इथे पिढ्यान्‌पिढ्या उसातच जन्मतात. वस्तीवरच्या मुलाला याचा अर्थ कोणी समजावून सांगावा लागत नाही. दिवस मावळला की अंगणातला बल्ब लागतो. बाहेर जायचं तर दोघांनी, मोठ्याने बोलत. शेतीची वीज रात्रीची असली की वडील दारं धरायला उसात जातात, आणि घरातली माणसं कुत्र्याच्या आवाजाकडे कान लावून पडतात. कुत्रं भुंकतंय तोवर ठीक. ते मध्येच गप्प झालं, तर घरात कोणीच काही बोलत नाही. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शेजारच्या पिंपरखेडला लहान मुलांचे बळी गेले, लोकांनी पुणे-नाशिक महामार्ग रोखून धरला, पुढाऱ्यांच्या भेटी झाल्या, पिंजरे लागले. मोठ्यांना राग काढायला रस्ता तरी मिळाला. त्या गावांतल्या मुलांनी आपली भीती कुठे नेऊन ठेवली असेल?

पश्चिमेकडचं दुःख वेगळं आहे. भीमाशंकरच्या डोंगरपट्ट्यात महादेव कोळी, ठाकर, कातकरी यांची वस्ती आहे. डिंभे धरणाच्या पाण्यात जुनं आंबेगाव बुडालं. ज्या गावाचं नाव अख्ख्या तालुक्याला आहे, ते गावच पाण्याखाली. तिथली पोरं सहा-सात वर्षांची झाली की आश्रमशाळेत जातात, आणि मग आई भेटते ती सणाला किंवा सुट्टीला. या विरहाला शासकीय भाषेत ‘निवासी शिक्षण’ म्हणतात.

आणि माळीण. ३० जुलै २०१४ ची सकाळ, मुसळधार पाऊस, डोंगर खाली आला आणि दीडशेहून जास्त माणसं घरांसकट गाडली गेली. नेहमीच्या एसटीच्या चालकाला गावच दिसेना, तेव्हा बाहेर कळलं. जिल्हा परिषदेची शाळा मात्र उभी राहिली. माळीणचा विचार करताना मला हटकून वेल्समधलं ॲबरफॅन आठवतं. २१ ऑक्टोबर १९६६ ला तिथे कोळशाच्या खाणीतल्या राडारोड्याचा डोंगर घसरून शाळेवर आला. ११६ मुलं आणि २८ मोठी माणसं गेली. तिथे बहुतेक घरं राहिली, शाळा गेली. इथे शाळा राहिली, घरं गेली. ॲबरफॅनमध्ये वाचलेल्या मुलांनी मोठेपणी एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली आहे: आम्ही रस्त्यावर खेळायचो नाही. ज्यांची मुलं गेली त्या आईबापांना आमचा आवाज ऐकवणार नाही, असं वाटायचं. कोणी बंदी घातली नव्हती. मुलांनी मोठ्यांचं दुःख ओळखलं आणि स्वतःचं गिळलं. डोंगर कोसळल्यावर मुलं कशी वागतात याबद्दल एवढं समजलं तरी आपल्याला पुष्कळ समजलं. ती आपल्याला सांभाळून घेतात. आपण त्याला ‘पोरं लवकर विसरतात’ असं म्हणतो.

अशा मुलासमोर बसून, डोळ्यांत डोळे घालून, ‘बाळ, मन मोकळं कर’ म्हटलं तर काय होतं? मूल जमिनीकडे बघतं. ते बरोबरच आहे. आपल्याकडे मोठ्या माणसांनीही असं समोरासमोर मन मोकळं केलेलं फारसं दिसत नाही. आपली रीत आडून सांगण्याची. सासुरवाशिणीने सासूबद्दल, नवऱ्याबद्दल, मेलेल्या लेकराबद्दल, माहेरच्या तुटलेल्या वाटेबद्दल जे सांगितलं ते पहाटे जात्याला सांगितलं. गी पॉइटवँ आणि हेमा राईरकर यांनी पुणे जिल्ह्याच्या डोंगरी गावांतून सुरुवात करून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. तो संग्रह चाळताना दिसतं, की घरात ज्या बाईचा आवाज चढलेला कोणी ऐकला नसेल तिने ओवीत काय काय बोलून घेतलं आहे. दिवसा तेच वाक्य बोलली असती तर तिला घराबाहेर काढली असती. ओवीत चालून गेलं, कारण ओवी तिची एकटीची नव्हती. चाल सगळ्यांची, पहिली ओळ बहुतेक वेळा आधीपासूनची, बोलणं जात्याशी, नाहीतर विठ्ठलाशी. आपलं दुःख तिने या सगळ्यांच्या मध्ये सरकवून दिलं. ऐकणारी ऐकायची, दुसरा खुंटा धरायची, आणि मागाहून त्याची चर्चा करायची नाही. एकविसाव्या शतकातल्या समुपदेशकाने पाळावेत असे नियम जात्याभोवती आपोआप पाळले जात होते.

मुक्ताबाईच्या ताटीच्या अभंगांची आठवणही इथे येणं साहजिक आहे. लोकांच्या बोलण्याने दुखावलेला थोरला भाऊ दार लावून आत बसला आहे आणि धाकटी बहीण बाहेरून त्याला आळवते आहे, असं परंपरा सांगते. आईबाप गेलेली, वाळीत टाकलेली ती पोरं. त्या अभंगांत वेदान्त आहे म्हणून आपण त्यांना ग्रंथात ठेवलं. पण हे एका मुलाने दुसऱ्या मुलाशी केलेलं बोलणं आहे, आणि ते अभंगात आहे म्हणूनच बोलता आलं, हे वर्गात सांगायला काय हरकत आहे?

कविता मुलाला देते ते हेच. ‘मी’ न म्हणता बोलायची मुभा. विहिरीला बोलता येतं, एसटीला बोलता येतं, बुडालेल्या गावाच्या देवळाला बोलता येतं. खोटंही बोलता येतं. केनेथ कोच हा अमेरिकन कवी न्यूयॉर्कच्या एका सरकारी शाळेत मुलांना कविता लिहायला शिकवायचा. १९७० मध्ये त्याने त्यावर पुस्तक लिहिलं. इच्छा, थापा आणि स्वप्नं हे त्याचे विषय, आणि ते पुस्तकाच्या नावातच आहेत. ‘प्रत्येक ओळीत एक थाप मारा’ असं सांगितलं की मुलं सुटतात, हे त्याच्या लक्षात आलं. मला हे फार शहाणपणाचं वाटतं. ‘तुझ्या भावना लिही’ म्हटलं की मूल आपल्याला जे ऐकायचं आहे ते लिहितं. ‘थाप मार’ म्हटलं की चौथ्या-पाचव्या ओळीत खरं बाहेर पडतं, कारण आता त्याची जबाबदारी त्याच्यावर नसते.

आता प्रत्यक्षात काय होतं ते पाहू. नमुन्यादाखल चार ओळी मीच रचतो, सहावीतल्या एखाद्या मुलाने रचाव्यात तशा:

कुत्रं भुकायचं थांबलं.
आई बोलायची थांबली.
बा दारं धरायला गेलाय.
बॅटरी त्याच्याकडंय.

या वहीवर आपल्या नेहमीच्या पद्धतीने लाल पेन चालवा. ‘भुकायचं’ला गोल: भुंकायचे. ‘बा’ला गोल: वडील. यमक नाही. कल्पनाविलास नाही. ‘बॅटरी’ला मराठी शब्द वापरावा. शेवटी संदेश हवा, उदाहरणार्थ ‘वन्यजीव वाचवा, निसर्ग वाचवा’. दहापैकी चार, हस्ताक्षर सुधारा. ते मूल पुढच्या वेळी ‘पाऊस आला धावून, आनंद आला गाऊन’ असं काहीतरी लिहील आणि त्याला आठ गुण पडतील. त्या दिवशी ते शाळेकडून एक धडा शिकलं: भीती घरी ठेवायची, शाळेत आनंद आणायचा.

बोलीची गोष्ट मला विशेष खटकते. बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांची गाणी घरच्यांनी टिपून ठेवली, त्या १९५१ मध्ये गेल्या, आणि १९५२ मध्ये आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने पुस्तक आलं. मुलगा सोपानदेव स्वतः नावाजलेला कवी. त्याने आईची भाषा ‘शुद्ध’ करून छापली असती तर? आज पाठ्यपुस्तकात आपण बहिणाबाईंची बोली कौतुकाने शिकवतो आणि त्याच तासाला, त्याच वर्गातल्या ठाकराच्या मुलीची बोली दुरुस्त करतो. प्रमाण मराठी शिकवायलाच हवी. अर्ज लिहायला, परीक्षेला, पुढे नोकरीला ती लागते, आणि ती न शिकवणं हा गरिबाच्या पोरावर दुसरा अन्याय होईल. पण त्यासाठी निबंध आहे, पत्रलेखन आहे, व्याकरणाचे तास आहेत. माणूस ज्या भाषेत घाबरतो त्या भाषेत त्याला आठवड्यातून एकदा लिहू द्यायला काय जातं?

इथे शांता शेळक्यांची आठवण काढायला हवी. शेळक्यांचं घर आंबेगाव तालुक्यातल्या मंचरचं. वडील वनखात्यात, आणि शांताबाई लहान असतानाच ते गेले. पुढे काकांच्या आधाराने पुण्यात शिक्षण झालं. घरातल्या बायकांच्या ओव्या, गाणी, उखाणे यांतून आपला कान घडला, असं त्या सांगत. पुस्तकातल्या कवयित्री-परिचयात जन्म, काव्यसंग्रह आणि १९९६ च्या आळंदी संमेलनाचं अध्यक्षपद येतं. वडील गेलेली एक मुलगी या तालुक्याच्या वाड्यात ओव्या ऐकत होती, हे त्या चौकटीत येत नाही. मंचरच्या शाळेत तरी ते सांगता येईल. वडील नसलेलं एखादं मूल प्रत्येक वर्गात असतंच.

यावरचे आक्षेप मला माहीत आहेत. पहिला सरळ आहे: कवितेने बिबट्या जातो का? नाही. कवितेने दरड थांबत नाही आणि बुडालेलं गाव वर येत नाही. पण हा आक्षेप घेणाऱ्यांपेक्षाही मला धास्ती वाटते ती उलट्या बाजूच्या उत्साही मंडळींची, जी कवितेला औषध समजतात. ‘काव्योपचार’, ‘भावनिक सक्षमीकरण’, दोन दिवसांची कार्यशाळा, शेवटी प्रमाणपत्र. पिंपरखेडच्या मुलाची भीती हा आजार नाही. ती अचूक माहिती आहे. ती कमी करायची तर दिवसा वीज द्या, उसालगतच्या वाटेवर दिवे लावा, आणि जाणकारांचं ऐका. जुन्नरमध्ये या शतकाच्या सुरुवातीला बिबटे पकडून दुसरीकडे सोडले गेले आणि माणसांवरचे हल्ले उलट वाढले, हे विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी अभ्यासाने दाखवलं. एवढ्या स्पष्ट निष्कर्षानंतरही दर हल्ल्यानंतर ‘पकडा आणि लांब सोडा’ हीच मागणी होते. हे सगळं न करता मुलांना ‘भीतीवर कविता लिहा’ सांगणं म्हणजे त्यांची समजूत काढून गप्प बसवणं आहे. कवितेचं काम भीती घालवण्याचं नाही. त्या भीतीत मूल एकटं राहू नये, एवढंच तिला जमतं. आणि शिक्षकाला त्यातून एखादी कामाची गोष्टही कळू शकते, जसं की ते मूल थांब्यावरून घरी कुठल्या वाटेने जातं.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. जखम भरत आलेली असताना ती उकरायची कशाला? अमेरिकेत जेम्स पेनबेकर यांनी १९८६ मध्ये महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर केलेला एक प्रयोग या बाबतीत नेहमी सांगितला जातो. सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटं, आयुष्यातल्या सर्वांत क्लेशकारक अनुभवाबद्दल लिहायचं. तसं लिहिणारे पुढच्या काही महिन्यांत दवाखान्यात कमी वेळा गेले. हा निष्कर्ष भाषणांत येतो. त्याच प्रयोगातली दुसरी गोष्ट येत नाही: लिहून झाल्या झाल्या त्यांना आधीपेक्षा वाईट वाटत होतं. शिवाय ती वयात आलेली मुलं होती, आणि त्यांचं लिखाण वर्गात वाचून दाखवलं जात नव्हतं. त्यावरून सहावीच्या वर्गाला ‘माळीणवर कविता लिहा’ असा विषय देणं साफ चूक ठरेल. विषय पाऊस द्यावा, किंवा घरातले आवाज, किंवा ‘मी डोंगर असतो तर’. ज्याला माळीणपर्यंत जायचं आहे तो स्वतःच्या पायाने जाईल. ज्याला पावसात कागदी होडी सोडायची आहे त्याची होडी तितकीच खरी.

तिसरी गोष्ट आक्षेप म्हणून कोणी मांडत नाही, पण ती मला सगळ्यांत घातक वाटते. चांगली कविता निघाली की तिचं काय करायचं? शिक्षकाला आनंद होतो. तो मुख्याध्यापकांना दाखवतो. केंद्रप्रमुख येतात, गटशिक्षणाधिकारी येतात. स्नेहसंमेलनात ती मुलगी माइकसमोर उभी राहते आणि मेलेल्या आईवरची कविता म्हणते, समोरच्या खुर्च्यांवर रुमाल निघतात. दुसऱ्या दिवशी फोटोसकट बातमी. पुढच्या वर्षी वर्गातली आणखी चार मुलं दुःखाच्या कविता लिहितात, कारण दुःखाला बक्षीस आहे. वाहरू सोनवणे यांची ‘स्टेज’ नावाची कविता प्रसिद्ध आहे. आदिवासींना स्टेजवर बोलावलंच नाही आणि स्टेजवरच्यांनी त्यांचंच दुःख त्यांना सांगितलं, हा तिचा आशय. त्यात मी आजची एक भर घालीन. आता आदिवासींच्या मुलांना स्टेजवर बोलावतात, आणि तिथे काय म्हणायचं ते खाली बसलेल्यांच्या टाळ्या ठरवतात. मुलांचं लिखाण छापूच नये असं मी म्हणत नाही. बालभारतीचं ‘किशोर’ १९७१ पासून निघतं आहे आणि त्यात मुलांची कविता आलेली पाहून किती घरांत पेढे वाटले गेले असतील. पण कुठली कविता पाठवायची आणि कुठली वहीत राहू द्यायची, हे लिहिणाऱ्याने ठरवावं. वही बंद ठेवण्याचा हक्क दिला नाही तर लिहिण्याचा हक्क दिला असं होत नाही.

मात्र इथे एक मर्यादा आहे, आणि ती शिक्षकाने आधीच समजून घ्यायला हवी. ‘तू लिहिलेलं मी कोणालाही सांगणार नाही’ असं वचन मुलाला देता येत नाही. एखाद्या ओळीतून त्याच्यावर लैंगिक अत्याचार होत असल्याचं दिसलं, तर २०१२ च्या पोक्सो कायद्याने ते पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, आणि १०९८ या क्रमांकावर मदत मागता येते. मूल जिवाचं काही बरंवाईट करून घेण्याचं लिहीत असेल तर गप्प बसणं हा गुन्हाच म्हणायचा, कायदा काहीही म्हणो. म्हणून वर्गाला पहिल्याच दिवशी साध्या शब्दांत सांगावं: वही तुमची आहे, मी तपासणार नाही, दाखवलीत तरच वाचीन. पण तुम्हाला कोणी त्रास देतंय असं वाचलं, तर तुमच्यासाठी मी दुसऱ्या मोठ्या माणसाची मदत घेईन. एवढं खरं बोलून ठेवलं की विश्वास टिकतो. मोडलेल्या वचनानंतर मूल तो परत कोणावरच टाकत नाही.

अशा कवितेच्या तासाला वेगळा निधी लागत नाही. २०२४ पासून राज्यात पहिली ते आठवीसाठी ‘आनंददायी शनिवार’ आहे, त्यातला एक तास पुरे. शिक्षकाने स्वतःही त्या तासाला लिहावं. आपण लिहीत नसताना पोरांना लिहायला बसवणं त्यांना बरोबर कळतं. अडचण पुढची आहे. हे दोन-चार शाळांत बरं चाललं की वरून आदेश निघेल, आणि आदेशाबरोबर तक्ता: किती विद्यार्थ्यांनी भावना व्यक्त केल्या, मुले किती, मुली किती, छायाचित्र अपलोड करावे. तसा तक्ता आलाच तर गुरुजींनी खुशाल ‘तास घेतला’ एवढं लिहावं, आणि छायाचित्र म्हणून फळ्याचा फोटो पाठवून द्यावा.